गुडघ्यांना ठाऊक असलेला धर्म

‘धर्म मनात असावा, त्यासाठी दर रविवारी चर्चमध्ये कशाला जायला हवे?’ हा प्रश्न वसईच्या ख्रिस्ती घरांत आता सहज विचारला जातो. विचारणारा बहुधा शिकलेला आणि सरळ मनाचा असतो. त्याच घरात दुसरे कोणी अभिमानाने सांगत असते, की आमच्यात एकही मिस्सा चुकत नाही, फलाण्यांसारखे आम्ही नावापुरते कॅथलिक नाही. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. पण दोघांच्या बोलण्याखाली समजूत एकच आहे: श्रद्धा ही आधीच आत कुठेतरी तयार असते आणि उपासना ही तिची बाहेर टांगलेली पाटी. एकाला पाटीची गरज वाटत नाही, दुसऱ्याला ती रस्त्यावरून दिसेल एवढी मोठी हवी असते.

माझ्या मते ही समजूतच उथळ आहे. रविवारची मिस्सा, उपवास, जपमाळ, प्रायश्चित्तकाळ, सणवार यांतून कॅथलिक माणूस घडतो. ही आचरणे काढून घेतली तर आत ‘शुद्ध श्रद्धा’ शिल्लक राहील, हा भ्रम आहे. आणि हीच आचरणे दुसऱ्याला मोजायला वापरली, तर ती माणूस घडवेनाशी होतात. माझ्या प्रतिपादनाच्या या दोन बाजू आहेत. पहिली मान्य करून दुसरी विसरणारे पुष्कळ भेटतात.

‘कर्मकांड’ या शब्दाची अडचण

मराठीत ‘कर्मकांड’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. त्याला कारणे आहेत. संतांनी पोकळ सोवळ्याओवळ्यावर आसूड ओढले, एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी पौरोहित्याची दुकानदारी उघडी पाडली आणि ‘भाव तेथे देव’ ही म्हण आपल्या अंगवळणी पडली. मराठी माध्यमात शिकलेला वसईचा ख्रिस्ती तरुण हा वारसा घेऊनच वाढतो. मिस्सेकडेही तो याच चष्म्यातून पाहतो.

पण वारकरी परंपरेकडे नीट पाहावे. ज्या संतांनी कर्मठपणावर टीका केली, त्यांच्या पंथाने एकादशी सोडली नाही, गळ्यातली तुळशीची माळ काढली नाही आणि पंढरीची वाटही सोडली नाही. भाव महत्त्वाचा म्हणून घरीच बसा, असे वारीने कधी शिकवले नाही. उलट पावसात, चिखलात, पायांना फोड येईपर्यंत चालायला लावले. भाव आणि आचार हे एकमेकांचे शत्रू आहेत ही कल्पना संतांची नाही. ती आपण आपल्या सोयीसाठी त्यांच्या नावावर मांडली आहे.

१. प्रार्थना आधी, सिद्धांत नंतर

सर्वसाधारण कल्पना अशी असते, की ख्रिस्तसभेने आधी सिद्धांत ठरवले आणि मग त्यांना साजेसे विधी रचले. इतिहासाचा क्रम बराचसा उलटा आहे. नायसियाची परिषद भरली ३२५ साली. तोपर्यंत ख्रिस्ती माणसे जवळजवळ तीन शतके रविवारी पहाटे जमत होती, भाकर मोडत होती, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या नावाने पाण्यात स्नानसंस्कार देत होती. पवित्र आत्मा देव आहे की नाही यावर चौथ्या शतकात मोठा वाद पेटला, तेव्हा कैसरियाच्या संत बाझीलने आपल्या ग्रंथात लोकांच्या उपासनेचाच आधार घेतला. स्नानसंस्काराच्या वेळी आपण तिघांचे नाव एकत्र घेतो आणि स्तुती करताना आत्म्याला पिता-पुत्रांसोबत बसवतो, मग तो खालच्या पायरीचा कसा, असा त्याचा युक्तिवाद होता. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याची आराधना श्रद्धासूत्रात पक्की केली.

ज्या सामान्य स्त्रीपुरुषांना ग्रीक तत्त्वज्ञानाचा गंध नव्हता, त्यांच्या ओठांवर आणि गुडघ्यांत जे होते तेच पंडितांनी नंतर शब्दांत मांडले. पाचव्या शतकापासून ख्रिस्तसभेत एक तत्त्व मानले जाते: प्रार्थनेचा नियम हाच श्रद्धेचा नियम. म्हणून ‘मला श्रद्धा पटते, विधी नको’ असे म्हणणारा माणूस नदीचे पाणी हवे, पण उगम नको असे म्हणत असतो.

२. विश्वास अंगात मुरतो

दुसरे कारण या धर्माच्या गाभ्यातच आहे. देवाने देह धारण केला, यावर ख्रिस्ती श्रद्धेची सगळी मदार आहे. ज्या धर्मात देवाने हाडामांसाला नाकारले नाही, त्या धर्माची उपासना केवळ विचारांची असूच शकत नाही. म्हणून कॅथलिक सात संस्कारांत पाणी आहे, तेल आहे, गव्हाची भाकर आणि द्राक्षारस आहे, डोक्यावर ठेवलेला हात आहे. लग्नात दोन माणसांनी तोंडाने दिलेला शब्द आहे.

आजारी माणसाच्या कपाळाला तेल लावले जाते तेव्हा घरच्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. अनेक वर्षे चर्चला न गेलेला माणूसही त्या वेळी क्रुसाची खूण करतो. हात आपोआप कपाळाकडे जातो, तिथून छातीकडे, मग डाव्या आणि उजव्या खांद्याकडे. कोणी याला निव्वळ सवय म्हणेल. माझे म्हणणे असे, की मन विसरले ते शरीराने सांभाळून ठेवले होते.

३. नागासाकीची साक्ष

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा जपानात सापडतो, आणि वसईशी त्याचे नाते रक्ताचे आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला. त्याचा बाप पोर्तुगीज, आई इथली. तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, पुढे मकाओत व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. जपानी भाषा उत्तम येत असल्याने दुभाष्या म्हणून तो पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांत क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. गासच्या चर्चला आणि वसईतल्या महाविद्यालयाला त्याचे नाव आहे. पण त्याच्या मृत्यूनंतर नागासाकीत काय झाले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. मिशनऱ्यांना हद्दपार केले गेले. येशू-मारियेची चित्रे पायाखाली तुडवायला लावून ख्रिस्ती कोण ते शोधले जाऊ लागले. १६४४ मध्ये देशातला शेवटचा धर्मगुरू मारला गेला. पुढची दोनशेवीस वर्षे तिथे ना धर्मगुरू, ना मिस्सा, ना कन्फेशन, ना छापील प्रार्थनापुस्तके मिळण्याची सोय. ‘धर्म मनात असतो’ हे मत खरे असते, तर इथे ते सिद्ध व्हायला हरकत नव्हती. पण त्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी धर्म मनात ठेवून दिला नाही. त्यांनी कामे वाटून घेतली. उराकामीसारख्या गावांत एक माणूस पंचांग सांभाळणारा, एक स्नानसंस्काराचे पाणी घालणारा, एक घरोघर निरोप पोचवणारा. कोणत्या दिवशी सण, कोणत्या दिवशी उपवास हे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे उतरवले गेले. कन्फेशन ऐकायला कोणी नाही म्हणून पश्चात्तापाची प्रार्थना पाठ केली गेली. तिचे नावही पोर्तुगीजातून आलेले, ‘कोन्चिरिसान’. त्या प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत आणि स्वतःला ‘किरिशितान’. आपल्याकडच्या ‘किरिस्तांव’ची ती सख्खी बहीण.

१७ मार्च १८६५ रोजी, नागासाकीत परदेशी लोकांसाठी नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चच्या दारात काही गावकरी आले. ते चर्च त्याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेले होते. फ्रेंच धर्मगुरू पेतीझाँ आत प्रार्थना करत होते. एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले, की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे, आणि मारियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. मग त्या लोकांनी सांगितले, की थंडीच्या महिन्यात पंचविसाव्या दिवशी आम्ही प्रभूचा जन्म साजरा करतो, आणि आता दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस चालू आहे.

हा आकडा मी स्वतः मोजून पाहिला. १८६५ साली ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार १ मार्चला. १७ मार्च हा प्रायश्चित्तकाळाचा बरोबर सतरावा दिवस. दोनशेवीस वर्षे एकही धर्मगुरू न पाहिलेली माणसे रोमबरोबर त्याच दिवशी उपवास धरत होती. ती कॅथलिक आहेत हे पेतीझाँना त्यांच्या मतांवरून कळले नाही. त्यांच्या पंचांगावरून आणि मारियेची मूर्ती शोधणाऱ्या डोळ्यांवरून कळले. यानंतर उघडकीस आलेल्या उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना सरकारने हद्दपार केले, आणि १८७३ साली बंदी उठली तेव्हा जे जगले ते परत आले.

इतकी प्रतिकूलता नसली तरी आपल्या पूर्वजांचा अनुभव याच जातीचा आहे. १७३९ साली वसईचा पोर्तुगीज अंमल संपला आणि युरोपीय मिशनरी निघून गेले. थोडे देशी धर्मगुरू मागे राहिले आणि गावागावांतले क्रूस. राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून स्वीकारलेली गोष्ट राज्य गेल्यावर विरून जायला हवी होती. ती विरली नाही, कारण तोवर ती राज्यकर्त्यांची राहिलीच नव्हती. ती संध्याकाळच्या जपमाळेची झाली होती.

४. उपासनेचे कुंपण होते तेव्हा

इथपर्यंतचे विवेचन वाचून रविवार न चुकवणारा अभिमानी माणूस खूश होईल. त्याच्यासाठी पुढचा भाग आहे.

गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक फर्मान काढले. मिठाशिवाय भात शिजवू नये, अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये, लग्नात पारंपरिक गाणी म्हणू नयेत, विडा-सुपारी वाटू नये. ख्रिस्ती कोण, याचे उत्तर इथे असे दिले गेले: जो शेजारच्या हिंदूसारखा दिसत नाही तो. या यादीत ख्रिस्त कुठेच नाही. भातातले मीठ आहे.

याचे उलटे रूप त्याआधीच इंग्लंडमध्ये दिसले होते. तिथे १५५९ च्या कायद्याने सरकारी चर्चच्या उपासनेला न येणाऱ्याला दर रविवारी बारा पेन्स दंड होता आणि १५८१ मध्ये तो महिन्याला वीस पौंडांवर गेला. त्यात कॅथलिक भरडले गेले. एका जागी कॅथलिक सत्ता आचारांवरून माणसे तपासत होती, दुसऱ्या जागी कॅथलिक तपासले जात होते. दोन्हीकडे उपासना पोलिसांच्या हाती गेली होती.

गंमत म्हणून नव्हे, मन लावून विचारावा असा प्रश्न आहे: ज्या उपासनेने नागासाकीत माणसे जिवंत ठेवली, तिनेच गोव्यात माणसांना धाक का घातला? माझे उत्तर असे. नागासाकीत आचारांचे तोंड देवाकडे होते आणि बाहेरच्यांपासून ते लपवावे लागत होते. गोव्यात आचारांचे तोंड शेजाऱ्याकडे वळवले गेले. आचार दिसण्यासाठी केला की त्याच्यातला देव निघून जातो.

हाच निकष आजच्या वादांनाही लावावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जाहीरनामा मंजूर केला आणि लोकभाषांना दार उघडले. १९६९ मध्ये भारतासाठी बारा बदलांना रोमने मान्यता दिली. त्यांत गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणे, पंचांग प्रणाम, शांतीच्या चुंबनाऐवजी हात जोडणे, मेणबत्तीऐवजी समई, आरती, जमिनीवर बसणे असे प्रकार आले. काही कॅथलिकांनी हे हिंदूकरण म्हणून फेटाळले. त्यांना कळलेही नाही की वेगळे दिसण्यातच धर्म शोधणारी १७३६ ची दृष्टी त्यांच्यात बोलते आहे. दुसऱ्या बाजूला, समई लावली की उपासना भारतीय झाली असे मानणारेही तितकेच पृष्ठभागावर आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि त्या गोव्यात प्रायश्चित्तकाळात गायल्या जात. तिथे मराठी ओवी सजावट म्हणून नव्हती. तिच्यावाचून लोकांना प्रार्थना करता येत नव्हती.

कायद्याचेही तसेच. वर्षातून एकदा कन्फेशन आणि ईस्टरच्या सुमारास कम्युनियन हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला. तो तळ होता, त्याखाली जाऊ नका एवढे सांगणारा. आपण त्या तळालाच माप केले आणि शेजाऱ्यांना त्याने मोजत बसलो.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे. रविवारी वेदीपुढे हात जोडणारा सोमवारी मजुराची मजुरी बुडवतो. मग उपासनेने कोणता माणूस घडवला? हा आक्षेप नास्तिकाने काढलेला नाही, आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी काढला. प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे आपल्याकडे असलेले सर्वांत जुने लिखित वर्णन संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते रागावून लिहिलेल्या मजकुरात आले आहे. श्रीमंत आधी येऊन पोटभर खातात आणि गरीब उपाशी राहतात, याबद्दल पौल त्या मंडळींना झापतो आणि मग भाकरीची गोष्ट सांगतो. दांभिकाला उघडे पाडणारे माप मिस्सेच्या आतच आहे. तमिळनाडूत दलित ख्रिस्तींना वेगळी स्मशानजागा देणारे, गोव्यात चर्चमधला मान ठरावीक जातीच्या घराण्यांकडे राखून ठेवणारे, आणि वसईत लग्न ठरवताना पोटजात विचारणारे आपण, सगळे एकाच भाकरीचे तुकडे घेतो. ती भाकर आपल्याविरुद्ध साक्ष देते. मिस्सा सोडल्याने जात सुटत नाही, फक्त साक्षीदार उठून जातो.

दुसरा आक्षेप: जे जाऊ शकत नाहीत त्यांचे काय? रात्रपाळीची नर्स, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, आखातात चर्चपासून दूर कामावर असलेला मुलगा. ख्रिस्तसभेचा कायदा त्यांना दोषी धरत नाही. २०२० साली १२ एप्रिलच्या ईस्टरला चर्चची दारे बंद होती आणि मिस्सा मोबाइलवर पाहावी लागली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा उमगले की पाहणे आणि हजर असणे यांत अंतर आहे. गैरहजेरी सक्तीची असेल तर ती भूक वाढवते. ऐच्छिक असेल तर भूक मरते.

तिसरा आक्षेप सवयीचा. अर्थ न कळता पुटपुटलेल्या प्रार्थनेला काय किंमत? इथे मी काही गोष्टी मान्य करतो. जपानात बंदी उठल्यावर सगळेच लपलेले ख्रिस्ती ख्रिस्तसभेत परतले नाहीत. इकित्सुकी बेटावर काहींनी आपले जुने ओराशो तसेच चालू ठेवले. त्यांतले लॅटिन-पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजले आणि म्हणणाऱ्यांना अर्थ उरला नाही. म्हणजे सवय एकटी पुरत नाही, तिला शिकवण आणि विश्वव्यापी ख्रिस्तसभेची संगत लागते. पण सवयच नसेल तर शिकवणार कोणाला? लहान मूल आधी आईचे शब्द उच्चारते, अर्थ मागून येतो. ज्याने शब्दच कधी ऐकले नाहीत त्याला अर्थ समजावण्याचा प्रश्नच येत नाही.

६. वसईत आज

आपल्याकडे आचार कमी झाले असे मला वाटत नाही. ते जागा बदलून बसले आहेत. जे दिसते ते वाढले आणि जे दिसत नाही ते आटले. पहिल्या कम्युनियनचा मांडव मोठा झाला, नाताळच्या रोषणाईला स्पर्धा आली, सणांना ध्वनिक्षेपक आले. संध्याकाळची जपमाळ मात्र गेली, जिथे कोणी पाहत नव्हते आणि सगळे घर गुडघ्यांवर होते.

शुक्रवारचेही तेच. शुक्रवारी मांस वर्ज्य हा कॅथलिक जगातला जुना नियम. आमच्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ कोंबडीऐवजी पापलेट असा झाला, आणि पापलेट कोंबडीहून महाग असते. नियम पाळला गेला, त्याग झालाच नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली बिशपांना मांसवर्ज्याच्या जागी दुसरे प्रायश्चित्त किंवा दानधर्म ठरवण्याची मुभा दिली, ती अशाच ठिकाणांसाठी उपयोगी आहे. कोळीवाड्यात शुक्रवारचा उपवास मासळी सोडून व्हायला हवा आणि वाचलेला पैसा शेजारच्या रिकाम्या चुलीकडे जायला हवा. धर्मग्रामांच्या समित्यांनी आणि धर्मगुरूंनी हा विषय वेदीवरून मांडावा अशी माझी विनंती आहे.

आणि आईबापांना एक सांगणे. मुले इंग्रजी शाळेत जातात, इंग्रजी मिस्सेला जातात, त्याला माझी हरकत नाही. पण त्यांच्या आजीचे ‘नमो मारिया’ ज्या भाषेत होते, ते त्यांना एकदा तरी त्या भाषेत म्हणू द्या. आज संध्याकाळी चर्चची घंटा झाली की टीव्ही बंद करा, त्यांना शेजारी बसवा आणि जपमाळेचे पहिले दशक त्यांना म्हणायला सांगा. शब्द अडले तर सांगा, पण माळ त्यांच्याच हातात राहू द्या.